मागीलदारचा ओटा आणि ८८ चिरे

मंडळी, ओटा बांधायला माल किती लागेल यावर व्याख्यान ठेवलंय म्हटल्यावर चार-पाच जण येतील असा माझा अंदाज होता. पण पाऊस सरला की कोकणात दर दुसऱ्या घरी कुणीतरी मागीलदारी टेप घेऊन उभं असतं, हे मी विसरलो होतो. म्हणजे अंदाजावर बोलायला उभं राहायच्या आधीच माझा पहिला अंदाज चुकला.

टेप घेऊन आपण काय मोजतो? लांबी आणि रुंदी. वीस फूट, बारा फूट. झाले २४० चौरस फूट. मग मेव्हण्याला फोन, 'स्क्वेअर फुटाला काय पडेल हो?' तो एक आकडा फेकतो, आपण गुणाकार करतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कारण ओटा दिसतो चौरस फुटांत, पण बांधावा लागतो घनफुटांत.

मी स्वतः या खड्ड्यात पडलोय. ओव्हरसियर होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो आणि घरच्याच ओट्याचं एस्टिमेट वडिलांनी माझ्याकडे सोपवलं. एक बाजू घराची, म्हणजे भिंती तीनच. २० अधिक १२ अधिक १२, एकूण ४४ फूट. घराजवळ ओट्याची उंची दीड फूट. ४४ गुणिले दीड, ६६ चौरस फूट. आमच्याकडचा चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच. तुमच्या खाणीचा वेगळा असेल, मोजून घ्या. अर्ध्या इंचाचा सांधा धरला तर भिंतीच्या दर्शनी बाजूला एक चिरा पाऊण चौरस फूट व्यापतो. भागाकार केला, ८८ चिरे. खाली रेघ मारून झोकात सही ठोकली.

आमच्या गवंडीकाकांनी तो कागद पाहिला आणि काही न बोलता पाण्याची नळी काढली. पारदर्शक, लांबलचक, पाण्याने भरलेली. एक टोक माझ्या हातात दिलं. "जोत्याच्या दीड फुटी खुणेला धर, हलू नको." दुसरं टोक घेऊन ते परसात फणसाकडे बारा फूट चालत गेले. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत स्थिरावलं, तेव्हा त्यांच्या टोकातलं पाणी जमिनीपासून तीन फुटांवर होतं. ते म्हणाले, "बाळा, ओटा सपाट असतो. जमीन नसते."

आता तोच हिशेब परत करू. पुढची वीस फुटी भिंत पुरी तीन फूट उंच, म्हणजे ६० चौरस फूट. बाजूच्या दोन भिंती दीडपासून तीनपर्यंत चढत जातात, सरासरी सव्वादोन, दोन्ही मिळून ५४. झाले ११४. शिवाय भिंत काही गवतावर ठेवायची नसते. दीड फूट खोल, दीड फूट रुंद चर खणायचा, तळाला सहा इंच काँक्रीट, वर जमिनीखाली फूटभर चिरा. ते आणखी ४४. एकूण १५८ चौरस फूट, २१० चिरे. उतरवताना चार-सहा कोपरे उडतात, दोन-तीन मधूनच तुटतात. २२० घ्या. कुठे ८८ आणि कुठे २२०!

पोटातल्या भरावाचंही तसंच. माझ्या हिशेबात मुरूम होता दोन ब्रास. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे इथे कुणाला सांगायला नको. भिंतींच्या आतली जागा साधारण २०८ चौरस फूट. वरच्या काँक्रीट-फरशीचे सहा इंच सोडले तर भरावाची सरासरी उंची पावणेदोन फूट. म्हणजे ३६४ घनफूट, पण हे धुमसाने ठोकून, पाणी सोडून दबलेल्या मुरुमाचं माप. टेम्पोतून येतो तो भुसभुशीत. पाच ब्रास मागवावा लागतो. धुमस करायचा कंटाळा केलात तर साडेतीन-चार ब्रासमध्ये भागेल, आणि दुसऱ्या पावसाळ्यात फरशी मधोमध ताटासारखी खोलगट होईल. अशी ताटं मी पुष्कळ पाहिलीत.

आता ही बादली बघा. काठोकाठ खडी आहे. भरली ना? या तांब्यातली वाळू वर ओततो आणि जरा हलवतो. गेली पोटात. दुसरा तांब्या. तोही गेला. बादली अजून तेवढीच भरलेली आहे. सिमेंट अशीच वाळूच्या फटींत शिरते. म्हणून ओतलेल्या काँक्रीटचं जे माप, त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त कोरडा माल लागतो. पुस्तकात १.५४ ने गुणायला सांगतात. २४० चौरस फुटांवर चार इंच काँक्रीट म्हणजे ८० घनफूट. कोरडा माल १२३. एकास दोन चारचं मिश्रण, म्हणजे सात वाटे. सिमेंट साडेसतरा घनफूट, वाळू पस्तीस, खडी सत्तर. पन्नास किलोची गोणी साधारण सव्वा घनफूट. चौदा गोणी आणि वर थोडी, म्हणून पंधरा. पायाचं, चिऱ्यांच्या सांध्यांचं आणि फरशीखालचं सिमेंट याहून वेगळं.

वाळूचं एक मुद्दाम सांगतो. ओली वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. पाचेक टक्के ओल असली तर आकारमान पाचव्या हिश्शाने, कधी पाव हिश्शानेही वाढतं. म्हणजे टेम्पोवाल्याने एक ब्रास बरोबर मोजून दिली तरी तुमच्या अंगणात ऐंशी घनफूटच उतरली, आणि त्यात त्या बिचाऱ्याने काही लबाडी केलेली नसते. गंमत म्हणजे पूर्ण भिजवली की ती पुन्हा खाली बसते. टेम्पोच्या हौद्याची लांबी-रुंदी टेपने घ्या, उंची मात्र सळई खुपसून चार ठिकाणी घ्या. मधला ढीग पाहून हुरळू नका.

आणि ज्या खर्चाची ओळ मी एकाही घरगुती एस्टिमेटमध्ये पाहिली नाही, ती वाहतुकीची. खाणीपासून घरापर्यंतची असते, घराच्या पुढून मागची नसते. आपली घरं पाणंदीतली. ट्रक रस्त्यावर उभा राहतो आणि ओटा व्हायचाय मागीलदारी. एक चिरा तीसेक किलोचा. २२० चिरे म्हणजे साडेसहा टन, माणसाच्या डोक्यावरून. मुरुमाचं घमेलं एक तृतीयांश घनफूट धरा. पाच ब्रासला दीड हजार फेऱ्या! आमच्या ओट्याच्या वेळी भिंती बांधायला जितके दिवस गेले, त्याहून जास्त माल मागे न्यायला गेले. बिगाऱ्यांची हजेरी त्याच दिवसांची चढत होती.

दर विचारू नका. आज सांगितला तर शिमग्यापर्यंत शिळा होतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची तुलनेला बरी, पण आपला गवंडी ती वाचून हजेरी मागत नाही. परिमाण, म्हणजे कुठला माल किती, ते एका कागदावर लिहा, दर दुसऱ्यावर. परिमाणाचा कागद दहा वर्षं टिकतो, दराचा दर आठवड्याला बदला. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याआधीचं कोटेशन पुढे करणारा कुणी भेटला तर चहा पाजा आणि नवं मागा.

परवा भाच्याचा न्यू जर्सीहून फोन आला. तो घरामागे लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटाच, बांधतोय, सोळा बाय बारा. मी म्हटलं, लाकडातलं मला काय कळतं? पण त्याचं दुखणं ऐकलं तर आपलंच. सहा इंची फळी म्हणून विकतात ती प्रत्यक्षात साडेपाच इंच. त्याने बारा फुटांना सहाने भागून चोवीस फळ्या आणल्या. फटी धरूनही लागतात सव्वीस. खालचे वासे सोळा इंचांवर एक, सोळा फुटांत बारा गाळे, म्हणून त्याने वासे बारा आणले. गाळे बारा, तर वासे तेरा! कुंपणाचे खांब रोवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याने त्याला हे सांगितलं असतं. आणि तिकडे थंडीत जमीन गोठून फुगते, म्हणून खांबांचे पाये जवळपास तीन फूट खाली न्यावे लागतात. तो वैतागून म्हणाला, "मामा, निम्मं काँक्रीट तर पुरून टाकलं."

ढाळ विसरू नका. बारा फुटांत दीड इंच, घरापासून बाहेर. १०० मिलिमीटर पावसाचा दिवस आपल्याकडे काही नवलाचा नाही. तेवढ्यात या ओट्यावर बावीसशे लिटर पाणी पडतं. पुढच्या भिंतीत तळाशी पाइपाचे तुकडेही ठेवा, म्हणजे भरावात मुरलेलं पाणी बाहेर पडेल, भिंतीला ढकलणार नाही. फरशीचं मी काही बोलत नाही. शहाबादी, कडप्पा, कोटा, ज्याची त्याची हौस. एकूण खर्चात हौसेचा वाटा वाटतो तेवढा मोठा नसतो.

काय म्हणालात, ताई? जरा मोठ्याने. पायऱ्या?

बरोबर आहे. तीन फुटांवरून परसात उतरायचं कसं? मी २२० मध्ये पायऱ्या धरलेल्याच नाहीत. चार फूट रुंद, भरीव, चार पायऱ्या. वरून एक, दोन, तीन, चार अशा दहा ओळी, ओळीला पाच चिरे. लिहून घ्या, आणखी पन्नास.