काट्यावरचे काकाजी

या व्हिडिओत हा जो काटा दिसतोय ना, हा माणसांसाठी नाहीये. यावर कापूस मोजतात, सोयाबीन, तूर, चना. वर्धा जिल्ह्यात देवळी अन् पुलगावच्या मधलं कुठलंही गाव धरा, फाट्यावर अशी एक जागा असतेच, इलेक्ट्रॉनिक काटा, एक ताडपत्री, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या अन् बाजूला चहाची टपरी. मागच्या दिवाळीनंतर आमचे काकाजी पहिल्या वेच्याचा कापूस घेऊन इथे आले अन् मोजणी झाल्यावर गंमत म्हणून स्वतःच काट्यावर उभे राहिले. आकडा आला ९४. व्यापारी म्हणाला, "काकाजी, क्विंटलले सहाच किलो कमी हाय." सगळे हसले, काकाजी पण हसले, पण माझ्या गाडीवर मागे बसून घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आज ते ८१ किलोवर आहेत. वजन उतरायला अकरा महिने लागले. आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवटी काही चमत्कार दाखवायचा नाहीये.

वय ५६, उंची पाच फूट पाच इंच. नंतर तालुक्याला जाऊन रक्त तपासलं तर शुगर बॉर्डरवर. आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा, २०२३ मधे जो मोठा अभ्यास आला त्यात देशात असे बॉर्डरवाले १३.६ कोटी धरलेत, अन् डायबेटिसवाले १०.१ कोटी वेगळेच. काकाजींना या कोटींनी काहीच झालं नाही. त्यांना लागला तो ९४ चा आकडा, चारचौघांत निघालेला.

अन् पहिला राग माझ्यावरच. "म्या का बसून खातो का? वावरात जातो नं रोज."

जातात, खरं आहे. पण कसे जातात ते बघा. हा रस्ता, घरून वावर अडीच किलोमीटर. काकाजी तिशीत होते तेव्हा पायदळ जायचे, दिवसातून दोन चकरा, येताना डोक्यावर चाऱ्याचा भारा. बैलामागे डवरणी, म्हणजे दिवसभर चालणंच. आता गाडीवर जातात, बांधावर उभे राहून ट्रॅक्टरवाल्याला हात दाखवतात, निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी, अन् विहिरीवरची मोटर मोबाईलवरून सुरू होते, खाटेवर पडल्या पडल्या. मी याला वाईट म्हणत नाही, रात्री बारा वाजता लाईन आली की अंधारात सापांतून मोटर लावायला ज्यांनी पाठवलं असेल आपल्या बापाला त्यांना त्या मोबाईलची किंमत माहीत आहे. फक्त एवढंच झालं की मेहनत मशीनवर गेली अन् ताट तेवढंच राहिलं.

आणि हे पण सांगितलं पाहिजे की गावात सगळ्यांचं वजन नाही वाढलेलं. कापूस वेचायला ज्या बाया किलोच्या भावाने जातात, कंबर वाकवून दिवस काढतात, त्यांना असला व्हिडिओ दाखवायचीच लाज वाटेल. ही गोष्ट आमच्यासारख्यांची आहे, थोडी जमीन, एक गाडी अन् बांधावर उभं राहणं.

आता ताट. लोकांना वाटतं गव्हाची पोळी सोडली अन् ज्वारीची भाकर धरली की वजन उतरते. आमच्याकडे ज्वारी होतीच, मग सोयाबीन आलं, रेशनचा गहू-तांदूळ आला, ज्वारी उभी केली की रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगाई, आधी जेवून जायचे, तर हळूहळू गेली. काकाजींनी भाकर परत सुरू केली, पण खरं सांगू, ज्वारीचं पीठ अन् गव्हाचं पीठ, शंभर ग्रॅमला कॅलरी दोन्हीत जवळपास सारख्याच. फरक पडला तो असा की पोळ्या ते तेल लावलेल्या पाच खायचे, त्याही बोलता बोलता, अन् भाकर दोन झाल्या की तोंड थकते. भाकर चावावी लागते, त्यातच पोट सांगून टाकते की बस. बाकी जादू काही नाही.

जादू खरी चहात निघाली. आम्ही एक दिवस मोजला. सकाळी उठल्यावर एक, वावरात जायच्या आधी एक, कृषी केंद्रावर एक, सोसायटीत एक, कोणाच्या दारावरून गेलं अन् "या ना काकाजी" झालं की एक, अशी सात कप. कपात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा धरा, सत्तर ग्रॅम. ग्रॅमला चार कॅलरी म्हणजे २८०. नुसती साखरच, दूध वेगळं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घेतलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा, जमलं तर पंचवीस. काकाजी चहातच सत्तर पिऊन बसत होते.

आता गंमत बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तेरा किलोला गुणा, लाखभर होतात, अकरा महिन्यांच्या दिवसांनी भागा, रोजच्या ३०० च्या आसपास येतात. म्हणजे हा जो सगळा तेरा किलोचा प्रकार आहे तो रोजच्या त्या सात कपांच्या साखरेएवढा आहे! अर्थात शरीर इतकं सरळ हिशोबाने चालत नाही, वजन उतरलं की त्याची गरजही कमी होते, म्हणून नुसत्या चहाने भागलं नाही.

तेलाचा हिशोब काकूंनी केला, मी नाही. घरात पाच माणसं, पंधरा किलोचा पिपा दोन महिन्यांत संपायचा. माणशी रोज पन्नास ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे साडेचारशे नुसत्या तेलाच्या, अन् आहारवाले सांगतात वीस-तीस ग्रॅममधे भागवा. तर काकूंनी काही बंद नाही केलं, वांग्याच्या भाजीवरची तर्री तशीच लाल दिसते, पण पळी बदलून चमचा आणला. पिपा आता तीन महिने पुरतो. काकाजींना हे चार महिने माहीतच नव्हतं.

वाढवलं ते वरण. तूर आपल्या वावरात पिकते अन् आपणच पातळ वरण खातो, असं कसं चालेल? तर वरण घट्ट, हिवाळ्यात ओल्या तुरीच्या सोल्याची भाजी, कधी मोट म्हणजे मटकी, कधी अंडी, आधी एक वाटी ताक अन् कांदा-काकडी, मग भाकर. प्रोटीन असलं की भूक लवकर लागत नाही. जवसाची चटणी पण चालते, चमचाभर, ती चांगली आहे म्हणून वाटीभर खाल्ली तर तेलच आहे ते.

उपवासाचं तर बोलूच नका, एकादशी दुप्पट खाशी. साबुदाण्याची उसळ, शेंगदाणे, वर वेफर्स. काकाजींनी उपवास सोडले नाहीत, उसळ सोडली, भगर अन् ताकावर आले. ज्यांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र उपाशी राहायचे प्रयोग डॉक्टरला न विचारता करू नका, शुगर अचानक खाली येते अन् वावरात चक्कर आली तर बघायला कोणी नसते.

पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो गेले. काकाजी तर गावभर सांगत सुटले. मी त्यांना म्हटलं काकाजी, ओला कापूस उन्हात टाकला की वजन कसं उतरते, कापूस तर तेवढाच असते ना? तसं आहे. शरीरात साठवलेली साखर असते, ती पाणी धरून ठेवते, खाणं कमी केलं की आधी ते पाणी जाते. चरबी नंतर, अन् हळू. त्यांना हे पटलं, पण आवडलं नाही. तिसऱ्या महिन्यात काटा हलेचना तेव्हा याच ओल्या कापसाने त्यांना थांबवून धरलं, नाहीतर सोडून देणार होते.

चालणं. वावरात पायदळ जायचं, एवढंच ठरलं, जाऊन येऊन पाच किलोमीटर. कार्तिकातल्या काकड्याला उठायची सवय होतीच. काकाजींच्या वजनाच्या माणसाचे त्यात अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे फाट्यावर एक आलुबोंडा अन् एक गोड चहा झाला की सगळी चाल साफ. हे कळल्यावर त्यांनी फाट्यावरून जायचा रस्ताच बदलला. दर आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं अन् दोन दिवस ताकदीचा व्यायाम असं सांगतात, तर ताकदीसाठी उठाबशा, भिंतीला हात लावून दंड. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, त्यांचे मल्लखांबवाले १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन आले, अन् आमच्या गावातल्या आखाड्यात आता सोयाबीनचं कुटार ठेवतात. असो.

पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल उचलत नाही, एकेका पायाला किलोभर चिखल, तेव्हा शाळेच्या वऱ्हांड्यात चकरा मारायच्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला, तेव्हा पहाटे पाचच्या आत किंवा नाहीच. अन् मे मधेच दोन किलो परत चढले. लग्नं! आमरस, बुंदी, पुऱ्या, मठ्ठा, अन् वाढणारा पोरगा "घ्या ना काकाजी, एक अजून" करत ताटासमोरून हलत नाही. नाही म्हटलं तर नवरीच्या बापाला राग. काकाजींनी काही प्रतिकार केला नाही, पोटभर जेवले. जूनमधे पेरणीला लागले तेव्हा परत रुळावर आले.

वहिनीचं वेगळंच होतं. तिचं वजन ताटातून नाही, कढईतून वाढलं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात, पोराने टाकलेली अर्धी पोळी, "फेकायचं कसं" म्हणून पोटात. तिने आधी स्वतःचं ताट वाढून घ्यायला सुरुवात केली, सासूसमोर, याला किती हिंमत लागते ते बाईलाच माहीत. अन् चालायला जायचं तर रस्त्यात दहा जणं, "कुठं चालली वो?" व्यायामाला चालली म्हणायची सोय नाही. मग बचतगटातल्या पाच जणी मिळून निघायला लागल्या, साडीवर स्पोर्ट्स शूज, आता कोणी विचारत नाही, विचारलं तर म्हणतात तू पण चाल. बायांसाठी कंबर ऐंशी सेंटिमीटर अन् पुरुषांना नव्वद, याच्या वर धोका धरतात. पॅन्टच्या नंबरावर जाऊ नका बरं, पॅन्ट सगळे पोटाखालीच बांधतात, टेप बेंबीच्या वर धरा.

मधे एक नातेवाईक डब्यातली पावडर घेऊन आला होता, दोन वेळचं जेवण बंद, शेक प्या, महिन्याचे काही हजार. काकाजींनी डबा हातात घेतला, वास घेतला अन् विचारलं, "हे बंद केल्यावर का खायचं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो चहा पिऊन गेला, दोन चमचेवाला.

परवा परत काट्यावर गेलो. व्यापाऱ्याने आकडा वाचला, ८१ किलो ४०० ग्रॅम. मी मोबाईलवर हिशोब केला, काकाजींच्या उंचीला ६८ च्या वर डॉक्टर लठ्ठच म्हणतात, म्हणजे जेवढे उतरले तेवढेच अजून बाकी. मी हे बोललो नाही, पण त्यांनी स्क्रीनवर वाकून बघितलं. मग व्यापाऱ्याला म्हणाले, "आमच्या कापसात तर ओलीचे कापतं, आता माह्या बुटाचे काप." व्यापाऱ्याने खरंच चारशे ग्रॅम कापले.

चहा आला. काकाजींनी बशीत अर्धा ओतून घेतला अन् कप माझ्याकडे सरकवला.