भांडण फक्कीवरच उरकून घ्या

नमस्कार मंडळी. जेवणं आटोपली असतील, नसतील तर ताट घेऊनच बसा, आपल्याला घाई नाही.

आज बोलायचंय घर बांधताना नवरा-बायकोत जे होतं त्याच्याबद्दल. मी जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा या भागात लोकांच्या घरांचे नकाशे काढतो आणि साइटवर उभा राहून कामंही करून घेतो, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की भिंतीला तडा जायच्या आधी माणसांत जातो. दहा-बारा वर्षं एका ताटात जेवलेली माणसं किचन किती फुटांचं यावरून आठ-आठ दिवस बोलत नाहीत हो. मी बघितलंय, म्हणून सांगतोय.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी दोन-तीनदा सांगणार, कारण रेडिओवर मागे जाऊन वाचता येत नाही. भांडायचं असेल तर फक्कीवर भांडा, स्लॅबवर भांडू नका. फक्की म्हणजे आखणीला टाकतो ती चुन्याची पांढरी भुकटी. तिची रेघ पायाने पुसता येते, पुन्हा मारता येते. एकदा कॉलम उभे राहिले, स्लॅब भरला, त्यात लाइटीचे पाइप गेले की मग प्रत्येक रुसव्याला पैसे पडतात.

आता एक किस्सा सांगतो. अमळनेरकडचं जोडपं, नाव सांगत नाही. तीस बाय चाळीसचा प्लॉट, पश्चिमेला रस्ता. भाऊंना पुढे मोठा हॉल पाहिजे, रस्त्याकडे मोठी खिडकी आणि हॉलमध्ये बंगई, म्हणजे झोपाळा. वहिनींना किचन मोठं पाहिजे, त्यातच खाली बसून खापर, म्हणजे मांडे, आपल्या मोठ्या पुरणपोळ्या, भाजायचं मातीचं पालथं भांडं, लावता येईल अशी चुलीची जागा पाहिजे. भाऊ म्हणायचे चुलीने नवीन घर काळं होईल, वहिनी म्हणायच्या बंगईत काय ठेवलंय, चार दिवस झुलाल आणि मग तिच्यावर कपडे वाळत घालाल. मधली भिंत चार फूट इकडे की चार फूट तिकडे, एवढ्यावरून मी सात वेळा नकाशा बदलला. सातव्या नकाशाला दोघंही माझ्याशी बोलायचे, एकमेकांशी नाही. "त्यांना सांगा हो इंजिनिअर साहेब," अरे, ते बाजूच्याच खुर्चीवर बसलेत!

(इथे जरा विषय सोडून बोलतो. ही पश्चिमेची मोठी काच कोणी आणली आपल्याकडे? पुण्या-मुंबईचे फोटो बघून एलिव्हेशन ठरवतात. मे महिन्यात आपला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, आपल्या आजोबांच्या धाब्याच्या घरात हात-दीड हात जाडीची मातीची भिंत होती आणि खिडकी म्हणजे झरोका, ते काय अडाणी होते का? असो.)

तर मी म्हटलं आता कागद बंद. दोन गोण्या फक्की आणली आणि चैत्रातल्या एका संध्याकाळी, साडेपाचच्या सुमाराला, रिकाम्या प्लॉटवर सगळं घर खऱ्या मापात आखलं. भिंत म्हणून एक रेघ मारायची नाही, दोन मारायच्या, बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार इंची, हे लक्षात ठेवा. कागदावरची दहा बाय दहाची खोली भिंती आणि प्लास्टर गेल्यावर दहाची राहत नाही, अर्धी भांडणं तर इथूनच सुरू होतात. मग घरून खाट आणवली, सिलेंडर, पाण्याचा माठ आणि खापरसुद्धा. भाऊंच्या आईही आल्या, सत्तरीच्या. दाराच्या जागेतूनच आत आल्या बरं का, रेघ ओलांडली नाही, चप्पल बाहेर काढून ठेवली. आणि हॉलच्या मधोमध उभ्या राहून म्हणतात, "आठे खाट कोठे टाकशी रे भाऊ?" कारण बंगईची जागा सोडली की खाटेला जागाच उरत नव्हती.

भाऊ खिडकीच्या जागी खाटेवर बसले. ऊन सरळ तोंडावर. डोळ्यावर हात धरून पाच मिनिटं बसले आणि गपचूप उठले. वहिनी किचनमध्ये गेल्या, माठापासून चुलीपर्यंत चालल्या, पुन्हा चालल्या, पावलं मोजली तर नऊ. मांडे करताना हाताला पाणी लावायला नऊ पावलं जायचं आणि नऊ पावलं यायचं. त्या स्वतःच म्हणाल्या, एवढं मोठं नको.

मग मी विचारलं, जे मला पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. वहिनी, खापराला जागा कशासाठी? तर त्या म्हणाल्या, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चारही नणंदा माहेरी येतात, त्या हॉलमध्ये हसतात, गाणी म्हणतात आणि मी आत एकटी धुरात मांडे टाकत बसते, किचन मोठं असलं तर त्या माझ्याजवळ येऊन बसतील. बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. आणि भाऊंना विचारलं, बंगई कशासाठी? तर ते म्हणाले, आमच्या जुन्या दारातला निंब रस्ता रुंद करताना तोडला, आखाजीला बहिणी त्याच्यावर झोका बांधायच्या, आता येतात आणि मोबाइल बघत बसतात.

मंडळी, सात नकाशे काढले मी! दोघांच्या मनात त्या चार बहिणीच होत्या, आणि दोघं भांडत होते भिंतीवरून.

म्हणून हे दुसरं सांगणं. काय पाहिजे ते नंतर विचारा, कशासाठी पाहिजे ते आधी विचारा. पुन्हा सांगतो, कशासाठी पाहिजे ते आधी. नकाशा काढणाऱ्याला "मोठं किचन" सांगू नका, त्या किचनमध्ये सणाला कोण कोण बसतं ते सांगा.

तेवढ्यात आईंनी बोट दाखवलं. शेजारचं घर आमच्याच ओळीत, त्याच्या मागच्या अंगाला मस्त सावली पडली होती आणि तिथे तीन बाया बसून वाळलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, गोळा करत होत्या. म्हटलं झालं. हॉलमधून तीन फूट काढले, किचनमधून दोन, आणि मागे पूर्वेला आठ फूट रुंद ओटा दिला, वर स्लॅबची सावली. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला बंगई. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे धूर घरात न येता बाहेर जातो. बंगईच्या कड्या स्लॅब भरायच्या आधीच बीमच्या सळईत अडकवल्या, हे नंतर ड्रिल मारून करायचं काम नाही, माणसं बसणार आहेत तिच्यावर. पश्चिमेची खिडकी अर्धी केली आणि वर दोन फुटांचा छज्जा काढला.

वेळ होत आला, बाकीचं पटकन सांगतो. किचनच्या ओट्याची उंची मिस्त्रीला ठरवू देऊ नका, जी पोळ्या लाटणार, किंवा जो लाटणार, त्याला उभं करून कोपराच्या चार बोटं खाली खूण करा. पैशांचा आकडा दोघांनी मिळून एका वहीत लिहा, एकट्याच्या मोबाइलमध्ये नको. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आखणीच्या दिवशी त्याला प्लॉटवर न्याच, ते दोन मिनिटांत बघतं. पीओपीच्या छतासाठी मात्र माझ्याकडे येऊ नका, त्या पैशात दारात दोन निंब लावा, जाळी लावून जगवा.

गेल्या आखाजीला त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. मागच्या ओट्यावर खापर तापलेलं, एक नणंद पिठाचा उंडा हातावर फिरवत होती, मांडा कोपरापर्यंत आलेला, वहिनी दुसरा खापरावर टाकत होत्या, आणि बंगईवर आई बसलेल्या, पाय जमिनीला लागत नव्हते म्हणून नात झोका देत होती. आमरस वाढताना भाऊ हळूच म्हणाले, पुढच्या दाराचा रंग अजून ठरला नाही, तिला हिरवा पाहिजे, मला सागवानी, तीन वर्षं झाली प्रायमरच आहे. वहिनींनी आतून ऐकलं आणि म्हणाल्या, राहू द्या तसंच, दार लागतंय ना.