समुद्रावरचं गाव, तळ्याचं नाव

(पहाट. मायामी बीच. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकांच्या रेघा.)

वाळू सपाट करणारा ट्रॅक्टर आत्ताच पुढे गेलाय. लाइफगार्डच्या टपऱ्या बघा, एक गुलाबी, एक पिवळी, लहान मुलाने खडूने रंगवल्यासारख्या. दोन तासांनी इथे टॉवेल पसरायला जागा मिळणार नाही.

हे मायामी बीच. यातला ‘बीच’ इंग्रजी, तो किनाऱ्याचा. ‘मायामी’ मात्र समुद्राचा शब्दच नाही. ते एका तळ्याचं नाव आहे, आणि ते तळं इथून साधारण दीडशे किलोमीटर आत, उसाच्या शेतांपलीकडे आहे. या फिल्मसाठी आम्ही किनाऱ्याकडे पाठ करून तिकडे गेलो.

मराठी कानाला या नावात आधी ‘माया’ ऐकू येते आणि मग ‘मी’. आमच्या कॅमेरामनने विमानतळावरच हा विनोद करून घेतला. नावाचा अर्थ ‘गोड पाणी’ असंही सांगणारे भेटतात. पण जुना लेखी आधार शोधायला गेलं, की आपण एका जहाज फुटलेल्या मुलापाशी पोचतो.

(जुना नकाशा. फ्लोरिडाचा किनारा, त्यावरून सरकणारा कॅमेरा.)

एर्नांदो दे एस्कालान्ते फोन्तानेदा. साल १५४९च्या आसपासचं. वय तेरा. आईवडिलांनी शिकायला स्पेनला धाडलं होतं. जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फुटलं आणि पोरगा तिथल्या कालुसा या मूळ जमातीच्या हाती लागला. सुमारे सतरा वर्षं तो तिथे राहिला आणि स्थानिक लोकांच्या चार भाषा शिकला. सुटका झाल्यावर १५७५ मध्ये त्याने आठवणी लिहून काढल्या. त्यात तो सांगतो, की आत गोड्या पाण्याचं एक तळं आहे, त्याच्या काठाने तीस-चाळीस माणसांच्या वाड्या आहेत, ते लोक कंदमुळांची भाकरी खातात, आणि तळ्याला मायाइमी म्हणतात, कारण ते फार मोठं आहे.

‘कारण ते फार मोठं आहे.’ बस्स, एवढंच. तळ्याकाठच्या या मायाइमी लोकांची भाषा पुढे कुणी लिहून ठेवली नाही. नावाचा अर्थ ‘मोठं पाणी’ असं आज जे सांगतात, ते या एका वाक्याच्या भरवशावर.

(मायामी नदीचं मुख. काचेचे टॉवर. पूल उघडतोय, खालून मालवाहू बोट.)

तळ्याचं पाणी पूर्वी पावसाळ्यात काठ ओलांडून दक्षिणेला पसरायचं. गवतातून, दिसेल न दिसेल असं सरकणारं ते पाणी म्हणजे एव्हरग्लेड्स. त्याच्या पूर्वेच्या कडेवरून एक आखूड नदी निघून बिस्केन उपसागराला मिळायची. पाणी त्या बाजूचं, तर नावही त्याच वाटेने आलं असणार. तळ्याचं नाव नदीला मिळालं.

हा हिरवळीचा तुकडा दिसतोय ना, जिथे लोक कुत्री फिरवतायत? १९९८ मध्ये इथली जुनी इमारत पाडल्यावर खालच्या चुनखडकात कोरलेले मोठाले खड्डे सापडले, ३८ फूट व्यासाच्या वर्तुळात. इथल्या तेकेस्ता या मूळ जमातीचं काम, पावणेदोन ते दोन हजार वर्षांपूर्वीचं. इथे टोलेजंग टॉवर होणार होते. त्याऐवजी सरकारने ती जागाच विकत घेतली, २ कोटी ६७ लाख डॉलर मोजून. दगड खराब होऊ नये म्हणून वर्तुळ पुन्हा मातीखाली झाकलं. त्यामुळे तुम्हाला दाखवायला आमच्याकडे गवत आहे आणि हा तपकिरी कुत्रा.

(ज्युलिया टटल यांचं छायाचित्र, मग वाफेचं इंजिन.)

नदीकाठी १८९१ मध्ये ज्युलिया टटल ही विधवा बाई राहायला आली. रेल्वेवाले हेन्री फ्लॅगलर यांच्या मागे लागून, स्वतःची जमीन देऊन तिने रूळ इथवर आणवले. १८९४-९५च्या हिवाळ्यात उत्तर फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागा गारठून गेल्या, तेव्हा तिने फ्लॅगलरना संत्र्याची टवटवीत फुलं पाठवली अशी दंतकथा आहे. खरी नसेलही, पण शहराला ती भारी आवडते. एप्रिल १८९६ मध्ये गाडी आली. २८ जुलैला गावाला शहर करायची सभा भरली. गावाला ‘फ्लॅगलर’ म्हणायचं घाटत होतं. त्यांनी नको म्हटलं, नदीचं जुनंच नाव ठेवा म्हणाले. टटलबाईंना मत नव्हतं, त्या बाई. मतांचा आकडा भरला रेल्वेच्या काळ्या मजुरांनी, आणि त्यांनाच मग रुळांपलीकडची वस्ती दाखवली.

जाता जाता एक घोटाळा मिटवू. टटलबाई ओहायोच्या. ओहायोतही मायामी नदी आहे, आणि १८०९ मध्ये सनद मिळालेलं मायामी विद्यापीठही, म्हणजे या शहराहून सत्त्याऐंशी वर्षांनी थोरलं. पण ते नाव मायाअमिया या वेगळ्या जमातीचं, वेगळ्या भाषेतलं. दोन्ही नावं इंग्रजांच्या जिभेवर एकसारखी झाली इतकंच.

(काळंपांढरं छायाचित्र: गोल्फचं मैदान आणि हत्ती.)

उपसागरापलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर खारफुटी होती. जमिनींचा धंदा करणाऱ्या कार्ल फिशरने ती तोडली, उपसागराच्या तळाचा गाळ उपसून वर टाकला आणि प्लॉट पाडले. १९१५ मध्ये ‘मायामी बीच’ हे वेगळं शहर झालं. जाहिरातीसाठी त्याने हत्तीण आणली, रोझी. १९२१ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष हार्डिंग इथे गोल्फ खेळले, तेव्हा काठ्यांची पिशवी रोझीजवळ होती. तळ्याचं नाव नदीवरून शहरावर आणि शहरावरून समुद्रावर गेलं ते असं.

(रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. लांबवर धुराचा लोळ.)

कोल्हापूरकडच्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटेल आणि लगेच दचकायलाही होईल. आपल्याकडे तोडणी झाल्यावर पाचट पेटवतात. इथे तोडणीआधी उभा फडच पेटवतात. पंधरावीस मिनिटांत पानं जळून जातात, टिपऱ्या उभ्या राहतात. गाडीच्या काचेवर पडतेय ती राख. इथले लोक तिला काळा बर्फ म्हणतात.

(बंधारा. चढण. मग एकदम पाणी.)

रस्त्यावरून तळं दिसत नाही. मध्ये मातीचा बंधारा आहे, जवळजवळ सगळ्या तळ्याभोवती, २३० किलोमीटरचा. १९२८च्या वादळात पाणी काठ फोडून बाहेर आलं, अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक काळे शेतमजूर; त्यानंतर हा बांधला.

चढून वर या. क्षेत्र सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, पलीकडचा काठ नजरेत येत नाही. खोली मात्र सरासरी नऊ फूट. परातीत पाणी ओतावं तसं. नकाशावर त्याचं नाव आता ओकीचोबी. नंतर इथे आलेल्या मूळ अमेरिकी लोकांच्या हिचिती भाषेत ‘ओकी’ म्हणजे पाणी, ‘चोबी’ म्हणजे मोठं. मायाइमी लोक तोवर उरले नव्हते. काहींना १७११ मध्ये स्पॅनिश जहाजांतून क्यूबाला नेलं, तिथे ते साथीत गेले. मागून आलेल्यांनी बंधारा नसलेल्या या काठावर उभं राहून आपल्या भाषेत पुन्हा तेच नाव ठेवलं.

(लेक हार्बर. लोखंडी दरवाजे, त्यांखालून हिरवट पाणी.)

एव्हरग्लेड्स सुकवायला इथून थेट मायामी नदीपर्यंत कालवा खणला, नदीतला खळाळ सुरुंग लावून फोडला. तळ्याकाठी फिरताना आम्हाला मायामी हा शब्द लिहिलेला एकाच ठिकाणी दिसला, तो इथे. हिरव्या पाटीवर, पांढऱ्या अक्षरांत: मायामी कालवा.