खुनाचं गाणं घरी बसून कसं केलं (आणि घुबड का काढलं)

नमस्कार मंडळी, आज कॉर्ड-बिर्ड शिकवणार नाहीये, आज एक खून आहे. गाण्यातला हो, घाबरू नका. दोन भाऊ, मध्ये बांध, आणि शेतातल्या मोटारीसाठी रात्री बारानंतर येणारी थ्री फेज लाईट. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गाण्याचं नाव 'फेज'. चार महिने लागले मला आणि त्यातले तीन फुकट गेले.

पहिला ड्राफ्ट वाचून दाखवतो, हसू नका. (वही कॅमेऱ्यासमोर धरत) 'काळ्याकुट्ट राती घुबड घुमे, रक्ताने भिजली माती.' बघा, घुबड! मी शेवटचं घुबड कधी बघितलं मलाच आठवत नाही, पण डार्क गाणं म्हटलं की घुबड पाहिजेच असं डोक्यात बसलेलं. आणि हे सगळं सांगतंय कोण? कुणीच नाही. 'तो गेला, त्याने केलं', म्हणजे वरून बघणारा कुणीतरी, ज्याला काहीच फरक पडत नाही.

त्या दिवसांत मी न्यू जर्सीचा अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याचा 'नेब्रास्का' पारायण केल्यासारखा ऐकत होतो. १९८२ चा अल्बम. पहिलंच गाणं चार्ल्स स्टार्कवेदर नावाच्या खऱ्या खुन्यावर आहे, १९ वर्षांचा पोरगा, १९५८ च्या जानेवारीत १४ वर्षांच्या मैत्रिणीला गाडीत घेऊन माणसं मारत सुटला होता. आणि स्प्रिंगस्टीन ते थेट त्याच्या तोंडून गातो, 'मी' म्हणून. सुरुवात कशाने होते? अंगणात उभी राहून बॅटन, म्हणजे परेडमधली काठी, फिरवणारी एक मुलगी. बस एवढंच. आवाज तर इतका सपाट की एसटीचं टाइमटेबल सांगतोय असं वाटावं.

मग मी काय केलं, तर हार्मोनिका विकत आणली. आवाज जाडा करून, शब्द अर्धे गिळून गायला लागलो आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर न्यू जर्सीचा माणूस जुन्नरच्या बाजारात हरवलाय असं वाटत होतं. महिनाभर हाच उद्योग.

डोकं ताळ्यावर आलं ते दुसऱ्याच एका गोष्टीमुळे. स्प्रिंगस्टीन स्वतः ज्यांचा फॅन होता त्यात एक न्यूयॉर्कची जोडी होती, अ‍ॅलन व्हेगा आणि मार्टिन रेव्ह, बँडचं नाव 'सुइसाइड'. त्यांचं १९७७ चं 'फ्रँकी टियरड्रॉप' ऐका, म्हणजे दिवसा ऐका, रात्री नको. दहा मिनिटांच्या वर चालतं, ड्रम मशीन आणि कीबोर्डची नुसती घरघर, कारखान्यातल्या एका कामगाराचं घर कसं संपतं त्याची गोष्ट, आणि मध्येच व्हेगा असा किंचाळतो की हेडफोन काढून ठेवावा लागतो. आता 'नेब्रास्का'मधलं 'स्टेट ट्रूपर' लावा. ड्रम मशीन नाही, कीबोर्ड नाही, एक अकूस्टिक गिटार एकाच जागी ठोकत राहते आणि शेवटाकडे अचानक ती किंकाळी. पठ्ठ्याने फक्त किंकाळी उचलली! बाकी सगळं जिथल्या तिथे सोडून दिलं.

मग मी पण एकच गोष्ट ठेवली, तो 'मी' आणि त्याचा सपाटपणा. हार्मोनिका कपाटात. आणि खरं सांगू का, सपाटपणा शोधायला अमेरिकेला जायची गरजच नव्हती, जात्यावरची ओवी घ्या. बाई सासरचं काय काय सांगत असते पण जातं त्याच गतीने फिरत राहतं, दुःख आलं म्हणून ते थांबत नाही. शाहिराचं उलट, तो चढवत नेतो, मला ते नको होतं.

घुबड गेलं, रक्त गेलं. धाकटा भाऊ बोलायला लागला. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीतली वायर त्याने संध्याकाळी सोलून ठेवलीये, पण हे तो सांगत नाही, तो एवढंच म्हणतो:

'लाईट आली, दादा उठला, बॅटरी घेऊन गेला.
मी जागाच होतो.'

ही दुसरी ओळ लिहिली तेव्हा मलाच कसंतरी झालं आणि कळलं की आता गाणं हातात आलंय.

रेकॉर्डिंग. 'नेब्रास्का' घरात झालाय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भाड्याचं घर, टिॲकचा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, शुअरचे दोन एसएम ५७ माइक, बस. तो खरं तर बँडला ऐकवायचा डेमो होता. नंतर स्टुडिओत पूर्ण बँड घेऊन वाजवून बघितलं, जमेना, शेवटी ती कॅसेटच अल्बम झाली. माझ्याकडे एक माइक, तो कॉम्प्युटरला जोडणारा एक छोटा इंटरफेस, कपाटाचं दार उघडं आणि मागे दोरीवर आज्जीची गोधडी. पंखा बंद, त्यामुळे प्रत्येक टेकनंतर बनियन पिळायची वेळ. आणि गंमत बघा, गाण्याचं नाव 'फेज' आणि माइकला सगळ्यात जास्त त्रास 'फ'चाच! दर वेळी फाट करून हवा आदळायची. उपाय सोपा आहे, माइक तोंडासमोर धरायचा नाही, चार बोटं लांब आणि जरा बाजूला, हवा पुढून निघून जाते, आवाज तेवढा पकडला जातो. गाताना जोर नाही लावायचा, शेजारी कुणी झोपलंय असं समजून गायचं. वरून एकच इको, साधारण १०० मिलीसेकंदांचा, एकदाच परत येणारा आणि बारीक. तेवढ्याने खोली रिकामी वाटायला लागते. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, भरपूर ओतलात तर लग्नाचा हॉल होतो, मी करून बघितलंय.

झालं, मिक्स केलं, आईला ऐकवलं. तिने भाजी निवडता निवडता पूर्ण ऐकलं, काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मग मोटार कुणी बंद केली रे?"

मला उत्तरच देता येईना. त्याच रात्री शेवटचं कडवं काढून नवीन लिहिलं:

'सकाळी गाव जमलं, वहिनी पडली, कुणी पाणी पाजलं.
मोटार चालूच होती. वावर तुडुंब भरलं.'

आता हेडफोन लावा, सुरुवातीला खट्ट आवाज येतो तो स्टार्टरचा नाहीये, आमच्या कपाटाची कडी आहे. वाजवतो.