तांब्याचा बॉयलर

इंग्लंडमधलं हे छोटं वर्कशॉप. समोर घडतोय तो पाच इंच अंतराच्या रुळांवर धावणाऱ्या छोट्या इंजिनाचा बॉयलर. शोभेचा नव्हे. यात खरा कोळसा जळेल, खरी वाफ कोंडेल आणि तिच्या जोरावर इंजिन माणसांना ओढेल.

एवढ्याशा इंजिनाला हे जमेल का, यावर १९२०च्या दशकात ब्रिटनमध्ये जोरदार वाद झाला. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने अडीच इंच अंतराच्या रुळांवर कोळशाचं इंजिन चालवून उत्तर दिलं.

आता तांब्याला ताव. पत्रा मंद लाल झाला की मऊ पडतो. साच्यावर धरून मोगरीने त्याची कड वळवायची. थोड्या ठोक्यांत तांबं पुन्हा ताठरतं, मोगरी उसळू लागते. तिथेच हात थांबवायचा आणि पुन्हा ताव द्यायचा. घाई केली तर कड फाटते.

कोळसा जळतो त्या अग्निपेटीभोवतीचे हे आडवे दांडे पाहा. यांना स्टे म्हणतात. गोल नळकांडं दाब सहज पेलतं, सपाट भिंती मात्र फुगू पाहतात. हे दांडे त्यांना धरून ठेवतात.

आणि हा सांधे जोडणारा चांदीचा डाख. ५५ टक्के चांदीची ही तार ६३० ते ६६० अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला १०८५ अंश लागतात. तार ज्योतीत धरायची नाही. तापलेल्या तांब्यानेच ती वितळली पाहिजे, मग डाख आपसूक फटीत ओढला जातो. ती पाहा, पलीकडे चकचकीत रेघ उमटली! तांबं उष्णता झपाट्याने पसरवतं, म्हणून दुसरी ज्योत घेऊन जोडीदार उभा आहे. पूर्वीच्या डाखात कॅडमियम असे; त्याचा धूर विषारी, म्हणून युरोपीय संघाने २०११मध्ये त्यावर बंदी आणली.

तयार बॉयलर विकत मिळतो. पण स्वतः बांधणाऱ्याला त्यातला प्रत्येक सांधा ठाऊक असतो, आणि ही विद्या अशा हातांनीच टिकली आहे.

शेवटी परीक्षा. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून हातपंपाने दाब चढवतात. कामाचा दाब दर चौरस इंचाला ८० पाउंड, म्हणून चाचणी दुप्पट, १६० पाउंडांवर. पाणी फारसं दाबलं जात नाही. सांधा सुटला तरी नुसती गळती होते. वाफेवर तोच सांधा सुटला तर स्फोट.

काटा स्थिर आहे. अशी इंजिनं बांधणाऱ्यांच्या क्लबचे निरीक्षक एकेक सांधा तपासून सही करतात. पुढची चाचणी वाफेवर. सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उघडला की बॉयलर इंजिनाच्या सांगाड्यावर चढेल.