खंयचो रे तू?

[दृश्य: देवगड तालुक्यातली एक वाडी. चिऱ्यांची पाखाडी, दोन्ही बाजूंना गडगे.]

या पाखाडीवरून अनोळखी माणूस निघाला, तर दहा घरं ओलांडायच्या आत कुणीतरी त्याला हटकतंच. "खंयचो रे तू?" म्हणजे कुठला रे तू? गाव सांगितलं की वाडी विचारतात. मग घराणं. मग, "कोणाचो झील?", कुणाचा मुलगा? उत्तरं जुळली तर चहा मिळतो. नाही जुळली, तर तो वाडीबाहेर पडेपर्यंत चार पडव्यांवरच्या नजरा त्याच्या पाठीवर असतात.

याच पडवीत बसलेले आजोबा फोनवर "मी बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला मात्र खंयचो विचारत नाहीत.

शहरातल्या नातवाचं उत्तर तयार असतं: म्हातारी माणसं, त्यांना काय कळतं. मला ते पटत नाही. फसलेल्यांत डॉक्टर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, दिवसभर संगणकावरच काम करणारी तरुण मुलंही आहेत. आजोबा विचारत नाहीत, कारण विचारायच्या आधीच उत्तरं आलेली असतात. फोनवरच्या माणसाला त्यांचं पूर्ण नाव ठाऊक असतं. वडिलांचं नाव, गाव, कधीकधी जमिनीचा गट नंबरसुद्धा.

वाडीत एवढं ठाऊक असणारा माणूस आपलाच असतो. पिढ्यान् पिढ्या हा हिशेब चुकला नाही. कारण एखाद्याच्या घरचं एवढं कळायला वर्षानुवर्षं येणं-जाणं लागायचं. लग्नं-बारशी लागायची, शिमग्याची पालखी लागायची.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर सातबारा.]

आता काहीच लागत नाही. महाभूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर कुणाचाही सातबारा कुणालाही दिसतो. मतदार यादीत नाव, वय, घर क्रमांक, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि ती यादी सार्वजनिक असते. यात काही चोरीचं नाही. जमिनीचे व्यवहार आणि निवडणुका उघड असाव्यात म्हणूनच हे उघड ठेवलंय. राहिलेलं आपणच भरतो. गाववाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकूंच्या ऑपरेशनची बातमी, मुलाच्या नव्या नोकरीचे पेढे, गणपतीला निघालेल्या चाकरमान्यांचे गाडीतले फोटो, म्हणजे मुंबईची खोली पुढचे दहा दिवस बंद.

"आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" हे वाक्य कोकणात घरोघरी ऐकू येतं. खरंच काही नसतं. पण वाडीला माझं जेवढं ठाऊक आहे, तेवढंच मला वाडीचं ठाऊक असतं. कुणी दगा दिला तर त्याचं घर मला माहीत आहे. फोनवरच्या माणसाला माझं सगळं ठाऊक, आणि मला त्याचं नावही खरं ठाऊक नाही. फोटो टाकताना मात्र ही तफावत जाणवत नाही. कौतुक आत्ता मिळतं. नुकसान झालंच तर कधीतरी होणार, आणि कुठल्या फोटोमुळे झालं ते कळणारही नाही.

[दृश्य: आंब्याची बाग. पेट्या भरणं चाललंय.]

एप्रिल महिना. बागायतदार काकांनी फेसबुकवर हापूसच्या पेट्यांची जाहिरात टाकलीय. फोन येतो. पलीकडचा हिंदीत बोलतो, आपण लष्करात आहोत म्हणतो, युनिटसाठी वीस पेट्या हव्यात. वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. कोकणात या फोटोला वजन आहे. गावागावांत कुणाचा ना कुणाचा मुलगा सैन्यात असतो, आणि तो सुट्टीवर आला की लोक बसायला खुर्ची देतात. काकांचा विश्वास बसतो तो त्या मुलाकडे बघून.

मग एक रुपया येतो. खरोखरचा. "आला का बघा, काका." आला. आता बाकीच्या पैशांसाठी क्यूआर कोड येतो: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. काकांना हे ठाऊक असतं, एरवी. पण समोर वीस पेट्या दिसतायत, आंबा पिकायला लागलाय, वाशीच्या बाजारात भाव उतरतोय, आणि तो माणूस घाई करतोय. घाईत डोकं एकच गोष्ट धरून ठेवतं, आणि ती गोष्ट पेट्या असते.

पण फोन इशारा देतो ना? देतो की. रोजच देतो.

[दृश्य: बंदर. खांबावर बावटा.]

बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला की होड्या किनाऱ्याला लागतात. तो बावटा रोज चढत असता, तर त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नसतं. फोनवर मात्र टॉर्चसाठीसुद्धा परवानगी, कॅलेंडरसाठी परवानगी, आणि लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, उघडतानाही तशीच एक चौकट. अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावरचे इशारे दाखवत लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. तोच इशारा दुसऱ्यांदा दिसला, तेव्हाच मेंदूचा प्रतिसाद बराच खाली आला होता. अंगठा 'अलाउ'वर पडतो, तो असा.

आता 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉलवर पोलिसी वर्दी, मागे भिंतीवर बोधचिन्ह, आणि तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याची बातमी. भारतीय कायद्यात अशी अटक कुठेच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. तरी माणसं तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसून राहतात.

1961 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी एक प्रयोग सुरू केला. कोट घातलेला प्रयोगकर्ता सांगेल तसे पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्यायचे. झटके खोटे होते, देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. याच प्रयोगाचे पुढचे दोन प्रकार फारसे सांगितले जात नाहीत, आणि मला तेच महत्त्वाचे वाटतात. प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन टेलिफोनवरून हुकूम देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचातला एक उरले. आणि शेजारी बसलेल्या दोघांनी "आम्ही हे करणार नाही" म्हटलं, तेव्हा 40 पैकी फक्त 4.

भामट्यांनी मिलग्रॅम वाचला नसेल, पण दोन्ही गोष्टी त्यांना अनुभवाने कळल्यात. नुसता आवाज पुरत नाही, म्हणून वर्दीतला चेहरा दाखवायचा. आणि शेजारी कुणी नको, म्हणून पहिली अट: दार लावा, कुणाला सांगू नका, कॉल तोडू नका.

[दृश्य: कौलारू घर. पडवीत एकट्या बाई, हातात फोन.]

मुलगा मुंबईला, मुलगी पुण्याला. दार लावलं की या घरात शेजारी उरत नाही. एरवी "कोणाशी बोलतस गो इतक्या वेळ?" म्हणत आत येणारी शेजारीण आपल्याला आगाऊ वाटते. त्या दुपारी ती आली असती, तर कॉल तिथेच संपला असता.

पैसे गेल्यानंतर मात्र हीच वाडी आड येते. लोक हसतील, म्हणून बाई दोन दिवस कुणाला सांगत नाहीत. मुलाला तर नाहीच, तो फोन काढून घेईल. तेवढ्यात रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, मग एटीएममधून बाहेर. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवलं, तर मधल्या खात्यात असलेले पैसे गोठवता येतात. ज्या बँकेतून पैसे गेले तिचं नाव, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ एवढं हाताशी लागतं. फसलात कसे, याचा जाब आधी द्यावा लागत नाही.