डबा उघडण्याआधी पेशंटचे हात

नमस्कार. दवाखान्यात डॉक्टर सॅनिटायझर लावतात, सिस्टर लावतात, भेटायला गेलेले आपणही लावतो. आणि कॉटवरचा पेशंट? त्याचे हात सकाळपासून कुणी धुतलेत का?

माझी आई खुब्याच्या ऑपरेशननंतर झोपून होती. तिसऱ्या दिवशी तिने पोळीचा तुकडा मोडला आणि माझ्या एकदम लक्षात आलं, बेडपॅन दिल्यावर मी माझे हात धुतले होते, तिचे नाही. तोच हात कॉटच्या दांड्यावर, मोबाइलवर, पांघरुणावर फिरत होता. ते मला अजून लागून राहिलंय.

१८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. डॉक्टरांच्या हातांकडे लक्ष हवंच. पण आपण हाताने जेवणारी माणसं, पेशंटचा हातही थेट तोंडात जातो.

उठता येत नसेल तर कॉटवर प्लास्टिक अंथरा, पसरट टब ठेवा, मगाने कोमट पाणी घाला. साबण लावून तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा (हा हमखास राहतो) आणि नखं चोळा. सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. पुसायला नॅपकिन पेशंटचा वेगळाच ठेवा. सलाइनची सुई असलेल्या हाताची पट्टी भिजू देऊ नका. त्या हाताची बोटं साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, आणि कोरडी करा.

हात मळलेले दिसत नसतील तर सॅनिटायझर चालतं, वाळेपर्यंत २०-३० सेकंद चोळायचं. जुलाब होत असतील तर मात्र साबण-पाणीच. अँटिबायोटिक चालू असताना होणाऱ्या काही जुलाबांमागे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते धुऊनच काढावे लागतात.

बेडपॅन किंवा युरिन पॉट दिल्यावर, खोकल्यानंतर, गोळ्या आणि जेवण देण्याआधी हात धुवायचेच. वॉर्डातल्या मावशींकडे वीस-पंचवीस कॉट असतात, तेव्हा हे काम सोबत थांबणाऱ्याने आपलंच समजावं.

चौथ्या दिवशी मी डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली, ‘आधी आईचे हात’. रात्री भाऊ थांबायचा, तोही मग टब आणल्याशिवाय डबा उघडत नसे.